मागून चालणाऱ्या विहीणबाई

विहीणबाई,

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं लातुरात इतकी आहेत की त्यात माझी भर पडली काय आणि न पडली काय, तुम्हाला फरक पडणार नाही. रुद्रभूमीवर, तुम्हाला पुरलं तिथं, मी सगळं ऐकलं. कुणाच्या बाळंतपणाला तुम्ही धावून गेलात, कुणाच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता तुमच्या दुकानातून कसा निघाला, कोण आजारी असताना तुम्ही डबा कसा पाठवलात. मी पदर तोंडाला लावून उभी होते. लोकांना वाटलं असेल, विहिणीला, तुमच्या बोलीत ईनबाईला, लई दुःख झालं. झालं होतंच. पण त्याच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, आणि ते तुम्ही बरोबर ओळखलं असतं.

तुमचा हेवा वाटत होता मला.

तुम्हाला बसवलं होतं. तुमच्याकडे तशी रीत आहे हे मला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं कधी. भोवती बर्फाच्या लाद्या, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगावर ती हिरवी इरकल, मान जराशी कलती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुम्ही गादीवर अशाच टेकून बसत असाल. आमच्याकडे माणूस आडवं झालं की गेलं. तुम्ही गेल्यावरही बसलेल्या, आणि सगळं गाव तुमच्यापुढे येऊन वाकत होतं. तुमचे मालक, अप्पा, तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, कुणी आलं की त्यांचं नाव तुम्हाला मोठ्यानं सांगत होते, जसं काही तुम्हाला कमी ऐकू येतंय.

आणि माझा मुलगा. लंडनहून हैदराबाद, हैदराबादहून गाडी करून लातूर. तुमची पल्लवी गाडीतून उतरली ती थेट तुमच्या पायावर पडली, ते मला समजलं. पण राहुल तिच्या मागून आला आणि दाराशीच खाली बसला. चपला काढायच्याही सुचल्या नाहीत त्याला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडत होता. नंतर तुम्हाला विमानात बसवून नेलं, तुमच्याकडे त्या सजवलेल्या पालखीला विमान म्हणतात, तेव्हा त्यानं खांदा दिला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

माझे मालक गेले तेव्हा विमानं बंद होती. खरी विमानं. राहुलनं वडिलांना मोबाईलवर पाहिलं, तेही गुंडाळलेलं. मी त्याला कधी बोलले नाही. जगातल्या कुणाच्याच हातात नव्हतं ते. पण त्या दिवशी तुमच्या अंगणात उभी राहून मी मनात म्हटलं, बघा, हिला हेही मिळालं.

तुम्ही हसला असतात यावर. तुमचं ते पोट हलवून हसणं. मला त्याचाही रागच यायचा.

तुम्हाला सगळं आधी मिळत गेलं, विहीणबाई. सून माझी, पण बाळंतपणाला मुलीची आई जाते, म्हणून लंडनला आधी तुम्ही गेलात. सहा महिने राहिलात. त्यानंतर माझा नंबर लागला. मी गेले तेव्हा नात, ओवी, बोबडं बोलायला लागली होती आणि तिचा पहिला शब्द निघून गेला होता. अव्वा. तुमच्या घरात आजीला अव्वा म्हणतात. मी पल्लवीला म्हटलं, लहान मुलाला ते सोपं जातं, ओठ नुसते उघडायचे आणि मिटायचे. आजी म्हणायला जीभ वळावी लागते. पल्लवी म्हणाली, हो आई, तसंच असेल. राहुल मात्र हसला. मी ओवीला मांडीवर घेऊन रोज शिकवायचे, आ-जी, आ-जी. इतकी वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं. ती माझ्याकडे बघायची आणि मोबाईलकडे बोट दाखवून म्हणायची, अव्वा. कारण संध्याकाळी त्यात तुम्ही यायच्या.

मग ओवीला तीन वर्षं होणार म्हणून त्या हिवाळ्यात दोघींनाही बोलावलं. तुम्ही दिवाळी करून गेलात, मी त्यानंतर काही आठवड्यांनी. विमानतळावर राहुल एकटा आला होता न्यायला. वाळलेला दिसला मला. मी विचारलं तर म्हणाला, थंडी आहे ना आई, इथं सगळेच असे दिसतात. घरी आले तर स्वयंपाकघर तुम्ही ताब्यात घेतलेलं. लातूरहून ज्वारीचं पीठ नेलं होतंत, भाकरी थापत होतात. मला म्हणालात, या ईनबाई, बसा, वाढते. माझ्या मुलाच्या घरात मला बसा म्हणालात. मी बसले. भाकरी चांगली होती. ते मी तेव्हा बोलले नाही आणि आताही नाइलाजानं लिहिते आहे.

पण मला बोलायचं आहे ते ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दिवसाबद्दल. त्या दिवसाचं आपलं भांडण मिटलेलं नाही. नांदेडला परत आल्यावर मी दोनदा विषय काढला फोनवर. एकदा तुम्ही म्हणालात, दुकानात गिऱ्हाईक हाय. दुसऱ्यांदा म्हणालात, जाऊ द्या की ईनबाई, लेकरं सुखात हायेत. आता तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

राहुलनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, उद्या सुट्टी घेतलीय, तुम्हा दोघींना लंडनचा बाजार दाखवतो. डिसेंबर होता. पल्लवी कामावर, ओवी बालवाडीत. सकाळी राहुल तयार होऊन आला तो कोट घालून, बूट चकचकीत करून. मला किती बरं वाटलं. आपल्या आईला हिंडवायला न्यायचं तर पोरगं कसं नटून निघालं, असं वाटलं मला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि त्याच्या कॉलरवरचा धागा काढलात. ते माझं काम होतं. मी तेवढ्यात पायमोजे चढवत होते.

बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसून गेलो आपण. रस्त्यावर उतरलो तर वर सगळीकडे दिव्यांच्या माळा, भर दिवसा लावलेल्या. दोन्ही बाजूंना दुकानं, एकेक दुकान आपल्या कलेक्टर कचेरीएवढं. काचेआड पुतळे उभे, त्यांच्या अंगावर लोकरीचे कपडे, आणि एका काचेत खोटं बर्फ पडत होतं. माणसं तर इतकी की आमच्या नांदेडच्या वझिराबादला दिवाळीच्या आदल्या दिवशीही नसतील. पण आवाज नाही. एवढी गर्दी आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मी सहावारीवर पल्लवीचा जाड कोट घातला होता, खाली राहुलचे जुने बूट. तुम्ही इरकलीवर शाल, शालीवर स्वेटर, आणि कानाला मफलर. कुणी वळूनही बघितलं नाही आपल्याकडे.

थोडं चाललो आणि राहुलचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला. परत येऊन म्हणाला, ऑफिसचं जरा अर्जंट निघालंय, इथून जवळच आहे, मी जाऊन येतो. तुम्ही दोघी दुकानं बघा, फक्त हा रस्ता सोडू नका. मला राग आला. सुट्टीच्या दिवशीही ह्या लोकांना सोडवत नाही का, असं काहीतरी मी बोलले. तो माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून म्हणाला, येऊ का? आणि तुम्ही म्हणालात, या जावई, निवांत या. आमची काळजी करू नका.

निवांत या. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग तुम्ही मला हिंडवलंत. दुकानात शिरायचं, उबेत उभं राहायचं, बाहेर पडायचं, पुढच्या दुकानात शिरायचं. तुमचा हात आपोआप कापडावर जायचा, दोन बोटांत धरून चोळून बघायच्या. लातूरच्या गोलाईत तुमचं कापडाचं दुकान, तिथं तुम्ही अप्पांच्या बरोबरीनं बसलेल्या, त्यामुळे तुम्हाला हे सगळं बघून हसू येत होतं. एवढं मोठं दुकान आन बसायला एक गादी न्हाई, म्हणालात. गिऱ्हाईकानं सोताच हुडकायचं, सोताच उचलायचं, सोताच रांगेत उभारायचं. आमच्याकडं आलेल्याला आधी पाणी. मी इंग्रजीत एका मुलीला विचारलं, बसायला जागा आहे का. तिला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. ती सॉरी म्हणाली. तुम्ही नुसता गुडघ्यावर हात ठेवलात आणि तिच्याकडे बघून हसलात, तर ती आतून स्टूल घेऊन आली. एकच स्टूल. तुम्ही मला म्हणालात, बसा. मी म्हटलं, मला नको. मग तुम्ही बसलात आणि ती मुलगी तुमच्या मफलरचं कौतुक करत उभी राहिली.

बाहेर आलो तर उजेड उतरायला लागला होता. तिथं चार वाजताच दिवस संपतो. वरचे दिवे आता खरोखरचे दिसायला लागले. मी म्हटलं, बघा, तास होऊन गेला, अजून पत्ता नाही. सुट्टीच्या दिवशी असं कामाला बोलवणाऱ्या साहेबाला मी दोन शब्द ऐकवले असते. तुमचं लक्ष काचेतल्या खोट्या बर्फाकडे होतं. तुम्ही बोलून गेलात, कुठला साहेब ईनबाई, साहेब मिळू तरी दे आधी.

मी थांबले. तुम्हीही थांबलात. तुमचं तोंड बघूनच मला कळलं की हे तुमच्या तोंडून निसटलं. मी विचारलं, म्हणजे काय? तुम्ही इकडे तिकडे पाहिलंत आणि मग सांगितलंत. तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं, हे एक बरं होतं. राहुलची नोकरी गेली होती. मी लंडनला यायच्याही आधी. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा तो कुठल्यातरी लायब्ररीत जाऊन बसायचा. आज मुलाखत होती, म्हणून कोट, म्हणून बूट. फोन आला तो वेळ बदलल्याचा होता.

मी एवढंच विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? पल्लवीनं?

तुम्ही म्हणालात, न्हाई. जावईच बोलले.

मला वाटतं, नोकरी गेल्याचं दुःख मला त्या घडीला झालंच नाही. ते पुढे झालं, अंथरुणावर पडल्यावर. त्या घडीला मला एवढंच दिसत होतं की माझ्या मुलानं तुमच्यासमोर तोंड उघडलं आणि मला विमानतळावर थंडीचं कारण दिलं. मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. माझ्या मुलाला मी एकटीनं वाढवलंय, त्याचे वडील नोकरीनिमित्त कायम फिरतीवर असायचे. त्याचा ताप मी काढलाय, त्याचा अभ्यास मी घेतलाय. तुम्ही आयत्या पिठावर रेघोट्या मारायला आलात. लोक बाजूनं जात होते, मराठी कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे मी आवाजही खाली केला नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग मी वळले आणि चालायला लागले.

कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. फोनला रेंज होती पण लावायचा कुणाला. गर्दीत घुसून मी तरातरा चालत राहिले. आपल्या गोलाईसारखा तो बाजार नाही, गोलाईत रागानं निघालेलं माणूस फिरून पुन्हा त्याच जागी येतं. हा रस्ता आपला सरळ, संपतच नाही. एक चौक ओलांडला, दुसरा ओलांडला. मला वाटलं, तुम्ही तिथंच राहिला असाल. वाटलं, राहू दे. मग एका काचेसमोर थांबले, आत काय होतं ते मला आठवत नाही, पण काचेत मागचा रस्ता दिसत होता. आणि त्यात तुम्ही. दहा-बारा माणसं सोडून मागे, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत, मफलर सुटून खांद्यावर आलेला, येत होतात. मी थांबलेली बघून तुम्हीही थांबलात. जवळ आला नाहीत. हाक मारली नाहीत.

मी पुन्हा चालायला लागले. मुद्दाम. आणि प्रत्येक मोठ्या काचेशी तिरकं बघत गेले. प्रत्येक काचेत तुम्ही होतात.

यात माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही चालला असतात. पण एवढं सांगते, त्या परक्या रस्त्यावर मला भीती वाटली नाही, आणि का वाटली नाही ते मला तेव्हाही माहीत होतं.

शेवटी बसथांब्यावर एक अरुंद बाक दिसला, त्यावर बसले. थोड्या वेळानं तुम्ही येऊन शेजारी बसलात. दम लागला होता तुम्हाला. शालीतून हात काढून माझे हात हातात घ्यायला गेलात, मी काढून घेतले. तेव्हा तुम्ही ते बोललात, ज्याच्यावर मी इतके दिवस मनातल्या मनात वाद घालते आहे.

तुम्ही म्हणालात, "ईनबाई, तुमच्यापुढं त्यांना पहिला नंबर काढावा लागतोय. माझ्यापुढं न्हाई लागत. मी काय, नापास झालेल्याला बी वाढते. येवढाच फरक हाय बगा, दुसरा काय न्हाई."

मी म्हटलं, मी कधी त्याला पहिला नंबर काढ म्हटलं नाही.

तुम्ही म्हणालात, "म्हटलं नसाल. पर ते काढीत गेले आन तुम्ही पेढे वाटीत गेलाव."

यावर मला बोलायचं होतं. अजूनही आहे. आईनं पेढे वाटू नयेत का? पोरगा शाळेत पहिला आला, तालुक्यात पहिला आला, तर काय तोंड लपवून बसायचं? तुमची पल्लवीही हुशार होती, तिच्या वेळी तुम्ही दुकानातल्या गड्यांच्या बायकांना साड्या वाटल्या होत्या, पल्लवीनंच सांगितलंय मला. मग तुमच्या साड्या चालल्या आणि माझे पेढे नडले, हा कुठला न्याय? हे सगळं मी तेव्हा बोलणार होते. पण समोरून राहुल येताना दिसला. लांबूनच त्याला आपण दिसलो होतो, हात हलवत होता. तुम्ही घाईनं माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "तुम्हाला ठाव न्हाई. काय बी ठाव न्हाई. बोलू द्या त्यांचं त्यांना कधी बोलायचं ते."

त्यानं विचारलं, कंटाळलात का? तुम्ही म्हणालात, छे, तुमच्या आईनं मला पुरा बाजार पायाखाली घालायला लावला. खोटं नव्हतं त्यात काही. राहुल हसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, काम झालं की नाही ते शोधत होते, आणि मला काहीच वाचता येत नव्हतं. तुम्ही एकदा पाहिलंत आणि मान खाली घातलीत. तुम्हाला कळलं होतं की झालं नाही. मग तुम्ही म्हणालात, जावई, लई भूक लागली, घरी चला, पिठलं टाकते.

तुमच्यासारखं त्याचं तोंड मला का वाचता येत नाही, विहीणबाई? हा प्रश्न मला विचारायचा होता. भांडणाचा नव्हता हा. पण तो विचारायला तुमच्यापुढे जरा खाली बसावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नाही.

पुढे त्याला नोकरी लागली. आधीच्यापेक्षा चांगली. त्यानं मला सांगितलं ते असं, आई, मी कंपनी बदलली. मी नांदेडला परत आले होते, मी म्हटलं, छान झालं. पेढे आणले नाहीत. शेजारच्या बाई म्हणाल्या, यावेळी तोंड गोड केलं नाही? मी म्हटलं, गुडघे दुखतात, बाजारात कोण जाणार. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटलं असतं की तुमचं मला पटलं.

मग हा फोन आला. दुपारची वेळ होती, मी वर्तमानपत्र वाचत पडले होते. राहुलचा फोन एरवी रविवारी येतो. मी उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मी म्हटलं, राहुल? तो म्हणाला, "आई, अव्वा गेल्या." आणि रडायला लागला. मी किती वर्षांनी त्याचं रडणं ऐकत होते. चौथीत असताना सायकलवरून पडून हात मोडला होता, तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. तुम्ही जेवून हात धुवायला उठलात आणि मोरीपाशी बसलात ते बसलातच, हे त्यानं मला रडत रडत सांगितलं. मी नांदेडला, दोन-तीन तासांवर, आणि मला ही बातमी लंडनहून कळली. तेही मी लक्षात ठेवलं आहे.

लगेच नांदेडच्या स्टँडवरून लातूरची गाडी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून तोंड धुतलं. मनात आलं, तुमच्या दारात जाऊन मी पहिल्यांदाच न भांडता उभी राहणार.

विधी झाल्यावर पल्लवी अप्पांजवळ राहिली. राहुल म्हणाला, चल आई, तुला नांदेडला सोडून येतो. गाडी तोच चालवत होता. ओवी मागच्या सीटवर झोपली होती. चाकूर ओलांडलं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, ऊन कलायला लागलेलं. मी म्हटलं, चहा घेऊ या का कुठे. त्यानं गाडी बाजूला घेतली, पण हॉटेल नव्हतं तिथं. नुसतीच थांबवली.

तो म्हणाला, "आई, आम्ही परत यायचं म्हणतोय."

विहीणबाई, माझं काळीज असं उडालं म्हणून सांगू. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला मी कान लावून बसले होते. डोळ्यांपुढे घराच्या वरच्या खोल्या आल्या, रंग कुठला द्यायचा तेही ठरवलं मी, ओवीला कुठल्या शाळेत घालायचं तेही.

तो पुढे म्हणाला, "लातूरला."

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बोलत होता. अप्पा एकटे पडले, त्यांना लंडनला करमणार नाही, पल्लवी एकुलती एक. दुकान बंद केलं तर अप्पा महिनाभरसुद्धा काढणार नाहीत. आणि त्याला स्वतःलाच तिथलं सगळं नकोसं झालंय, बऱ्याच दिवसांपासून. कामावर जाताना छातीत धडधडतं. डॉक्टरला दाखवलं, तसं काही नाही म्हणाले. पण त्याला त्या इमारतीत शिरवत नाही. हे बोलताना त्याचा आवाज असा झाला की मी त्याच्याकडे बघायला घाबरले. मग तो म्हणाला, "तुला वाटंल, एवढं शिकून गोलाईत गादीवर बसणार. मला माहिताय आई. पण अजून कुणाला बोललो न्हाई. पल्लवीला सुद्धा धडधडीचं सांगितलेलं न्हाई. तुलाच पहिल्यांदा सांगून राहिलोय."

मला, विहीणबाई. मला पहिल्यांदा.

आणि मिळालं ते काय, तर तो तुमच्याकडे चालला. तुम्ही असतात तर हे तुम्हालाच आधी सांगितलं असतं त्यानं, हेही मला कळत होतं. तुम्ही गेलात म्हणून माझा नंबर लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. या खेपेला मला वाचता आलं. तो निकालाच्या दिवशी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या पोरासारखा दिसत होता, आणि मी आजवर अशी हजार पोरं पाहिली होती, फक्त त्यांच्यात माझं कधी बघितलं नव्हतं.

मला विचारायचं होतं, नांदेडला का नाही? माझं घर काय वाईट आहे? तुझ्या वडिलांनी बांधलेलं आहे. मी म्हटलं, "बस की गादीवर. कापड काय वाईट असतंय का. आधी त्या धडधडीचं पल्लवीला सांग."

त्यानं माझा हात धरला. मी काढून घेतला नाही. मागे ओवी उठली आणि विचारायला लागली, पोचलो का. राहुल म्हणाला, नाही बाळा, अजून थोडं.

आता ते लोक येतील उन्हाळ्यात, सगळं आवरून. अप्पांनी वरचा मजला रिकामा करायला घेतलाय. माझी नात तुमच्या गल्लीत वाढणार, तुमच्यासारखं बोलणार, होला हाव म्हणणार, लई म्हणणार. दुकानात तुमचा फोटो लागणार आणि माझा मुलगा रोज सकाळी त्याला उदबत्ती लावून मग शटर वर करणार. मी दर शनिवारी येणार आहे, असं मी सांगून टाकलंय. माझा हेवा काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. कारण तो गेला तर तुम्हाला रोज आठवायला मला दुसरं निमित्त शोधावं लागेल. तुमच्या स्वयंपाकघरात मी शिरणार, तुमच्या तव्यावर भाकरी टाकणार, आणि राहुल ती खाईल. तो काही बोलणार नाही, मला माहीत आहे. पण पहिला घास घेऊन तो जरासा थांबेल.

तेव्हा मी त्याला वाढत राहीन.